शुद्ध धवला

“मग त्यात चुकीचं काय आहे, ते तरी सांग!” परेशचा आवाज चढला नव्हता. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये बोलतो तसा तो शांतपणे, समजावणीच्या सुरात बोलत होता, आणि कल्पिताचा जीव त्या सुरानेच जास्त जळत होता. “गुरुजी प्रत्येक मंत्राचा अर्थ इंग्लिशमधून सांगतात. माइकवरून. माझ्या ऑफिसातले निम्मे लोक मराठी नाहीत, त्यांनापण कळेल. लोकांना कळेल अशा भाषेत धर्म हवा, हे कॉलेजात तूच शिकवतेस ना? बायबल इंग्लिशमध्ये आणलं म्हणून त्या लोकांना जाळलं, ते शिकवताना रडतेसपण.”

“मी रडत नाही.”

“बाबा, रडते की नाही ही?”

“मना नको इचारू,” बळवंत ताटातून मान वर न करता म्हणाला. त्याची बोट पहाटेच वेसाव्याच्या बंदराला लागली होती आणि डोळ्यांत अजून दर्यावरचं जागरण होतं. “मी आता आयलू. मना जेवू दे.”

“आणि तुझ्या आजीचं काय?” कल्पिताने परेशला सोडलं नाही. “या कोळीवाड्यातली निम्मी लग्नं त्यांनी लावलीत. आणि सख्ख्या नातवाचं लग्न पवईहून आलेले कुणी देवव्रत गुरुजी लावणार, आणि आजी नुसत्या खुर्चीवर बसून सरबत पिणार?”

“आजी आशीर्वाद देईल ना. इरावतीचे बाबा तर म्हणाले, आजींचा स्टेजवर सत्कार करू. शाल, नारळ.”

“सत्कार!” कल्पिताने तव्यावर उलथनं आपटलं. “काम काढून घ्यायचं आणि शाल पांघरायची. हे बरं जमतं तुझ्या दिंडोशीच्या सासरच्यांना.”

“दिंडोशीला मध्ये आणू नकोस यार, मम्मी.”

भांडण कल्पिताच्या सासूवरून, पुतळाबाईंवरून चाललं होतं आणि पुतळाबाई पडवीत बसून सुके बोंबील निवडत होत्या. त्या धवलारीण होत्या. कोळ्यांच्या लग्नात पूर्वी भट नसायचाच. लग्न लावायची ती धवलारीण. मांडवाची मेढ, कोळीत मेर, पुरण्यापासून हळद, अंतरपाट, सूनमुख, सगळं तिच्या तोंडच्या गाण्यांवर चालायचं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ते कुठे छापलेले नसतात. सासू गाते, सून मागे म्हणते, आणि सासूचे दात पडले की सून पुढे उभी राहते. कल्पिताचं लग्न पुतळाबाईंच्या सासूने लावलं होतं, तिच्यामागे उभ्या राहून पुतळाबाई गात होत्या. त्या हिशेबाने आता पुतळाबाईंच्या मागे कल्पिता असायला हवी होती. ती नव्हती. धवले शिकायचे तेव्हा ती बी.ए.ला बसली होती, मग एम.ए.ला, आणि मग शिकवायला लागली होती.

बळवंतने हात धुतले, टॉवेलला पुसले आणि पडवीच्या दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणला.

“दादूचे पोरीच्या लग्नान काय झाला, इसरलीस?”

कल्पिता विसरली नव्हती. कोळीवाड्यातलं कुणीच विसरलं नव्हतं. अंतरपाट धरलेला, नवरा-नवरी दोन्हीकडे उभी, आणि पुतळाबाई मध्येच थांबल्या. एरवी खोकला आला की थांबायच्या तशा नव्हे; रस्त्यात चालताना घर कुठलं तेच आठवेना, तशा. मागे म्हणणाऱ्या शेवंतीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं, पुन्हा त्याच जागी अडल्या. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी दादूनेच मूठभर तांदूळ फेकले आणि “झाला, झाला, वाजवा” म्हणून लग्न उरकलं. घरी आल्यावर पुतळाबाई म्हणाल्या, घशात कफ झालाय. सगळ्यांनी कफाचं औषध आणलं आणि त्यांनी ते निमूटपणे संपवलं.

“माझे आयशीची तशी फजिती मना बघवनार नाय,” बळवंत म्हणाला. “माझेच पोराचे लग्नान तं नायच नाय. त्यापेक्षा भट बरा.”

म्हणजे नवऱ्याचं भटावर प्रेम नव्हतं, आईवर होतं. पण कल्पिताकडे उत्तर होतं, आणि ते तिने गेली कित्येक वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

“त्या अडखळणार नाहीत,” ती म्हणाली. “सगळे धवले माझ्याकडे लिहिलेले आहेत. मी शेजारी उभी राहीन आणि सांगेन.”

बळवंतने बायकोकडे पाहिलं. तिच्या शिक्षणाचा घरात असा रोकडा उपयोग त्याला पहिल्यांदाच दिसत होता.

“मंग मेरीचे दिवशी बघू,” तो म्हणाला. “मेर पुरताना आये नीट म्हनली तं लगीन तीच लावंल. नाय तं भट. मंग कुनी तोंड उघरायचा नाय.”

“गुरुजींना त्या संध्याकाळपर्यंत कळवायला लागेल हं,” परेश म्हणाला. “त्यांच्या खूप तारखा असतात.”

“मना इचारलाव काय कुनी?” पडवीतून पुतळाबाईंचा आवाज आला. त्या मांजराशी बोलत असाव्यात असं धरून कुणी उत्तर दिलं नाही.

कल्पिता मढची. खाडीच्या पलीकडून तरीने वेसाव्याला यायचं आणि तिथून बसने अंधेरीच्या शाळेत जायचं, असं तिचं बालपण गेलं. पाचवीत असताना बाईंनी तिला धडा वाचायला उभं केलं. ती ‘पानी’ म्हणाली. बाई म्हणाल्या, पाणी. ती म्हणाली, पानी. तिला फरकच ऐकू येत नव्हता. बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा, पुन्हा. वर्ग हसून हसून आडवा झाला, आणि बाईंनाही शेवटी हसू आवरलं नाही. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कल्पिता घराच्या मागच्या बाजूला, जाळी वाळत घालायच्या बांबूंपाशी उभी राहून ण आणि ळ घोटत होती. सहावीत ती वक्तृत्वाला दुसरी आली. दहावीपर्यंत तिच्या तोंडातून कोळी बोली अशी काही निघून गेली की माहेरी आई तिच्याशी पाहुणीशी बोलावं तसं जपून बोलायला लागली.

लग्न कोळीवाड्यातच झालं. बळवंत बरा होता, पीत नव्हता, आणि बायको शिकते म्हटल्यावर बंदरावर मित्रांनी केलेली चेष्टा हसून सोडून देत होता. परेश शाळेत जायला लागल्यावर तिने इतिहासात एम.ए. केलं आणि अंधेरी पूर्वेच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागली. तासिका तत्त्वावर म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की घरी. तेवीस वर्षांची पोरं येऊन कायम झाली, ही राहिली. शिकवायला मात्र तिला मनापासून आवडायचं, त्यातही एक विषय जास्तच. मध्ययुगाच्या शेवटी इंग्लंडमध्ये ज्यांनी लॅटिन धर्मग्रंथ आपल्या भाषेत आणला आणि त्यापायी जीव गमावला, त्या लोलार्ड लोकांचा.

धवले तिने लिहून घेतले ते परेश दहावीत होता त्या वर्षी. पुतळाबाई धक्क्यावर घसरल्या आणि पाय मोडून पडून राहिल्या. कल्पिता उशाशी कागद घेऊन बसायची. “मांडवाबिगर धवला गायाचा नसतंय,” हे पुतळाबाईंचं ठाम होतं, म्हणून त्यांनी गायलं नाही, नुसतं बोलून सांगितलं. मोबाइलवर रेकॉर्ड करू का विचारलं तर त्यांनी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला तोंड फिरवलं. लग्नांचे व्हिडिओ होते म्हणा, घरोघर होते. पण व्हिडिओवाल्याने सगळीकडे वरून सिनेमाची गाणी चढवलेली. पुतळाबाईंचं तोंड हलताना दिसायचं आणि आवाज भलत्याच बाईचा यायचा.

तेव्हा कागद हाच काय तो आधार. कल्पिताने तो पक्क्या शाईने, सुवाच्य अक्षरात, समासबिमास सोडून तयार केला आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. आपल्या हातून एवढं एक काम झालं, असं तिला तो फोल्डर बघून वाटायचं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात नेमका तोच तास होता. तृतीय वर्षाच्या वर्गात मुलं मोजकीच. मराठी माध्यमाला आता कोण येतं?

“लोलार्ड हे नाव त्यांनी स्वतः घेतलेलं नाही,” ती सांगत होती. “शिवी म्हणून दिलेलं. पुटपुटणारे, असा अर्थ लावतात. पुष्कळांना वाचता येत नव्हतं. गावात एक जण वाचणारा, त्याच्याभोवती रात्री बसायचं, ऐकायचं, आणि पाठ करायचं. बायकांना अध्यायच्या अध्याय पाठ होते. चौकशीत विचारायचे, तुला प्रार्थना इंग्रजीत येते का? येते म्हटलं की संपलं.”

“मॅडम, म्हणजे पाठ करून नापास!” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

वर्ग हसला, तीही हसली. “आणि गंमत ऐका. पहिलं भाषांतर झालं ते इंग्रजीच होतं, पण वाचवत नव्हतं. शब्द इंग्रजी, वाक्याची ठेवण सगळी लॅटिन. करणारे पंडित होते ना! लॅटिनची अदब सोडवेना त्यांना. लोकांसाठी केलं आणि लोकांच्या तोंडात बसेना. मग पुन्हा नव्याने, बोलतात तसं करावं लागलं.”

हे ती दरवर्षी सांगायची, याच शब्दांत. त्या दिवशीही सांगितलं आणि फळा पुसून घरी आली.

जेवणं झाल्यावर तिने फोल्डर काढला, चष्मा पुसला आणि पडवीत सासूच्या शेजारी बसली.

“आये, आपण मेढीच्या धवल्यापासून सुरुवात करू. मी वाचते, तुम्ही ऐका. कुठे आठवत नसेल तर...”

“वाच गो,” पुतळाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला. हातातले बोंबील खाली ठेवले, हात लुगड्याला पुसले. देवाचं ऐकायला बसतात तशा बसल्या.

कल्पिताने वाचलं:

“मेढ रोवा ग अंगणी,
आल्या पाच सुवासिनी,
पाणी आणिले सागराचे,
वळण दिले मंगलाचे...”

वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. तिने पान उलटलं, पुढचं वाचलं, त्याच्या पुढचं. पुतळाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांचे ओठ एकदाही हलले नव्हते.

“छान हाय,” त्या म्हणाल्या. “कुनाचा हाय?”

“तुमचाच आहे, आये. तुम्हीच सांगितलेला. पाय मोडला होता तेव्हा.”

“माझा?” त्यांनी डोळे उघडून कागदाकडे पाहिलं. वाचता येत नव्हतं तरी वाकून, नीट पाहिलं. “मी असा म्हनाची?”

नव्हत्या म्हणत. कल्पिताला ते पहिल्या ओळीलाच कळलं होतं. पुतळाबाईंची ‘मेर पुरा’ तिने ‘मेढ रोवा’ केली होती. पुरणे हा शब्द लग्नाच्या कामी बरा दिसत नाही असं तेव्हा वाटलं होतं. ‘दर्या’चा सागर केला होता. ‘पानी’चं पाणी तर आपोआपच झालं होतं, त्याला विचारही करावा लागला नव्हता. आणि ओळीओळीला येणारा ‘गो’ तिने जवळजवळ सगळीकडे काढून टाकला होता, कारण कागदावर तो फार वाटत होता. उद्या कुणी छापायचं म्हटलं तर कुणी हसू नये, एवढंच तिच्या मनात होतं. सासूला कुणी वर्गात उभं करून हसू नये.

“नाही, तुम्ही कोळीत म्हणायच्या,” ती घाईने म्हणाली. “मी फक्त थोडं... लिहिताना लिहितात तसं लिहिलं. तुम्ही तुमचं म्हणा. मेर पुरा गो... पुढे?”

“मेर पुरा गो,” पुतळाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग कागदाकडे बोट केलं. “पुढं काय लिवलाय?”

“पुढे काय लिहिलंय ते सोडा. तुम्हाला काय आठवतंय?”

“मना काय आठवतंय, कल्पिता? मना काल काय खाल्ला ता नाय आठवत. तू शिकलेली. कागदान हाय ताच खरा असंल.”

“तसं नाही, आये...”

“वाच. मी पाठ करतंय.”

आणि त्यांनी पाठ करायला घेतलं. हेच कल्पिताला सगळ्यात भयंकर झालं. त्या रागावल्या असत्या, हा माझा धवला नाही म्हणून कागद भिरकावला असता, तर तिला बरं वाटलं असतं. त्या शहाण्या मुलीसारख्या पाठ करायला बसल्या. नातवाचं लग्न आपल्या हातून लागावं म्हणून सकाळ-दुपार कल्पिता दिसली की म्हणायच्या, “वाच गो येकदा.” आणि ओळ झाली की विचारायच्या, “बरोबर हाय नं? असाच हाय नं कागदान?” त्यांचं ‘सुवासिनी’ ‘सवासनी’ व्हायचं तर त्या जीभ चावायच्या. एके दुपारी कल्पिता मोरीत कपडे धूत होती, तर पडवीतून त्यांचा आवाज आला, एकट्याच म्हणत होत्या, “पानी. पाआनी. पाणी.” तिने नळ मोठा सोडला.

तिने उलटं करून पाहायचंही ठरवलं. वही घेऊन सगळा धवला परत कोळीत उतरवायला बसली. दर्या घातला, पानी घातला, गो घातला. गो कुठे घालायचा? दोन शब्दांनंतर की ओळीच्या शेवटी? तिने मोठ्याने म्हणून बघितलं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कोळीगीताच्या आधी एखादा पोरगा ‘आमी कोली’ म्हणून नक्कल करतो ना, तसं ते वाटत होतं. ‘वळण दिले मंगलाचे’ या ओळीपाशी तर ती अडलीच. तिथे दुसरा शब्द होता एवढं तिला पक्कं आठवत होतं. व-ने सुरू होणारा, तिने कधी न ऐकलेला. तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारीच्या बोलण्यात काहीतरी बोबडं झालं असेल, वळणच म्हणायचं असेल. विचारलंसुद्धा नव्हतं. आता विचारलं तर पुतळाबाई म्हणाल्या, “वळणच असंल. तू लिवलास नं?”

ती शेवंतीकडे गेली. शेवंती पुतळाबाईंच्या मागे उभी राहून जन्मभर गायलेली. मच्छी मार्केटमध्ये टोपली पुढ्यात घेऊन बसली होती.

“मावशी, मेरीचा धवला येतो ना तुम्हाला? पुतळाबाईंच्या मागे म्हणायच्या तो?”

“मंग! येतंय तं.” शेवंतीने सुऱ्याने सुरमई कापता कापता सांगितलं. “पुतलाबाय ओढायची, आमी शेवट धरायचू. ती अंगनी म्हनली का आमी अंगनी गोऽऽ. झाला.”

“आणि मधलं?”

“मधला पुतलाबायला ठावं. आमाला कशाला पायजे मधला?” ती हसली. “काय गो, प्रोफेसरीन, तुलाच यायाला पायजे खरा तं. सून तू हाईस का मी?”

मार्केटातल्या चार बायका हसल्या. कल्पिताही हसली आणि नको असताना पापलेट घेऊन घरी आली.

घरी बळवंत खूश होता. आई सारखी काहीतरी म्हणत असते, डोळ्यांत चमक आली आहे, हे त्याला दिसत होतं. “बरा केलास तू,” तो बायकोला म्हणाला. असं तो क्वचित म्हणायचा. परेशनेही एकदा आजीच्या शेजारी बसून ऐकलं आणि त्याला ते चक्क आवडलं. “हे मस्त आहे, मम्मी! हे तर सगळं कळतंय. मला वाटलं एकदम ते गावठी असेल. इरावतीच्या बाबांना आवडेल हे. आपण पत्रिकेत छापू या का?”

कल्पिता म्हणाली, “नको.”

“का?”

तुला कळतंय म्हणूनच, असं म्हणायला हवं होतं. पण मग तो म्हणाला असता, म्हणजे लोकांना कळेल असं असावं की नसावं, एकदाचं ठरव. आणि त्याचं बरोबरच होतं.

मेढीचा दिवस उजाडला. अंगणात खड्डा खणला होता. आंब्याचे डहाळे बांधलेली मेढ भिंतीला टेकवून ठेवली होती. शेवंती आणि गल्लीतल्या बायका हिरव्या लुगड्यांत, डोक्यात अबोलीचे वळेसर घालून जमल्या. पुतळाबाईंना खुर्ची दिली तर त्या बसल्या नाहीत. नाकात मोठी नथ, कपाळावर आडवं कुंकू, आणि चेहऱ्यावर परीक्षेला आलेल्या पोरीची भीती. कल्पिता फोल्डर घेऊन त्यांच्या उजव्या हाताला उभी राहिली. परेशने मोबाइल काढला. मांडव होता, मेढ होती, आता रेकॉर्ड करायला पुतळाबाईंची ना नव्हती.

बळवंतने मेढ उचलून खड्ड्यात धरली.

पुतळाबाईंनी तोंड उघडलं आणि ‘मे’वर उंच, लांब, खाडीच्या वाऱ्यावर ताणल्यासारखा सूर लागला. हा आवाज तर शाबूत होता! ‘मेर पुरा गोऽऽ’ एवढं त्या अगदी पूर्वीसारखं म्हणाल्या, आणि मागून शेवंतीने आणि सगळ्यांनी ‘गोऽऽ’ धरला. मेढ जरा हलली. क्षणभर वाटलं की आता सगळं आपोआप येणार.

मग पुतळाबाई थबकल्या. “नाय, नाय,” त्या म्हणाल्या. “चुकली. मेढ रोवा ग.” आणि सुरात तेच म्हणायला गेल्या. ते सुरात मावेना. जिथे ‘गो’वर आवाज वर जाऊन टेकायचा तिथे आता काहीच नव्हतं, आवाज तसाच पुढे जाऊन पडला. त्यांनी पुन्हा घेतलं. शेवंतीने मागे काय धरायचं ते न कळून नुसतं ‘अंऽऽ’ केलं. पुतळाबाईंनी मान वळवून कल्पिताकडे पाहिलं.

“आल्या पाच सुवासिनी,” कल्पिता हळूच म्हणाली.

“आल्या पाच सुवासिनी,” पुतळाबाई म्हणाल्या. गायल्या नाहीत, म्हणाल्या. प्रत्येक अक्षर नीट, ण-ळ सांभाळून. “पाणी आणिले सागराचे.” हा ‘ण’ बरोबर आला म्हणून त्यांनी सुनेकडे बघून मान हलवली.

“आये, तुमचं म्हणा,” कल्पिता पुटपुटली. “तुमचं. कागद सोडा. दर्या म्हणा.”

“कागदान सागर हाय.”

“असू दे.”

“नको गो. पोराचा लगीन हाय. शुद्धच बरा.” त्यांनी तिच्या दंडाला हात लावला. “तूच वाच. तुझा चांगला व्हतंय. मी उबी हाय.”

बायका वाट बघत होत्या. बळवंत दोन्ही हातांनी मेढ धरून वाकून उभा होता, त्याला मान वर करता येत नव्हती. कल्पिताने वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वच्छ उच्चारात, शाळेत प्रार्थना म्हणावी तसं. तिच्यामागे कुणी गायलं नाही. कुठे धरायचं तेच कुणाला समजलं नाही. सगळ्या बायका हात जोडून गप्प उभ्या राहिल्या, भटजी मंत्र म्हणत असताना उभ्या राहतात तशा. ‘वळण दिले मंगलाचे’ पाशी पुतळाबाईंचे ओठ एकदम हलले, त्यांनी काहीतरी म्हटलं. कल्पिता थांबली. “काय? काय म्हणालात, आये?”

“काय नाय गो. वाच.”

“नाही, आत्ता काहीतरी म्हणालात तुम्ही.”

“मना ठावं नाय.”

तिने परेशकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली. त्याने मोबाइल केव्हाच खिशात ठेवला होता, नुसतं वाचायचं काय रेकॉर्ड करणार?

खड्डा बुजवला. मेढीला हळदकुंकू लागलं, पेढे वाटले. जाताना शेवंती म्हणाली, “चांगला वाचलास, कल्पिता. अगदी बामनावानी.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच कौतुक करत होती.

संध्याकाळी चहाला सगळे आत बसले. बळवंत हिशेबी चेहरा करून म्हणाला, “तशी अरखलली नाय आये. सुनेनी वाचला, पन अरखलली तं नाय. माझे शब्दापरमाने...” त्याला आईला हे देऊन टाकायचं होतं, आणि आता परेशही आड येत नव्हता. “चालेल ना,” परेश म्हणाला. “मम्मी वाचेल, आजी बाजूला उभी राहील. मी इरावतीला सांगतो. गुरुजींना नाही म्हणून कळवून टाकू?”

पुतळाबाई दाराशी पाट घेऊन बसल्या होत्या. नथ काढून त्यांनी हातात धरली होती. “मी अजून पाठ करतंय,” त्या म्हणाल्या. “लग्नापरयंत व्हईल. सुवासिनी मना आता येतंय. बग, सु-वा-सि-नी.”

कोणी काही बोलायच्या आत कल्पिताने चहाचा कप खाली ठेवला.

“गुरुजींना हो म्हणून कळव,” ती परेशला म्हणाली. “लग्न तेच लावतील. कागदावरचा धवला आजींचा नाही, माझा आहे. तो हळदीलाही होणार नाही.”